वाटी परत न केल्याबाबत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. संध्याकाळ, नळाचं पाणी गेल्यावर.

जे कोण ही वही पुढेमागे वाचेल त्याने आधी चष्मा शोधावा. कपाळावर बघावं. चष्मा डोळ्यांवर आला की वही कशासाठी उघडली होती ते आठवावं. आठवणार नाहीच. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून यावं. मी कुठे जात नाही.

आम्रपाली म्हणते, आजी, हे मला टोमणे आहेत. नाहीत. आज सकाळी एकदा हेल्मेट घ्यायला आणि एकदा डबा घ्यायला, अशी हिंजवडीच्या रस्त्यावरून दोनदा परत आली ती दुसरीच कोणीतरी असेल.

आम्रपाली माझी नात. मी बोलते, ती लिहिते. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणून सांगितलं. मी शेवटून सुरुवात केली. पहिल्यापर्यंत पोहोचायचं राहून गेलं. पण त्यात एक सोय झाली. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे आणि मलाच वाचता येत नाही. एवढं पक्कं गुपित अख्ख्या रहाटणीत कोणाकडे नसेल.

वही सुरू करायचं कारण असं की आज मला पालिकेचं पत्र आलं. माझंच. मला वाचता येत नसलं तरी माझ्या नावाचा आकार ओळखता येतो. रेशनकार्डावर, आधारवर, सगळीकडे तोच. पहिलं अक्षर कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखं. क. शोभतं मला.

आम्रपालीने पत्र वाचलं. पालिकेने नवीन समुदाय सुरक्षा व हिंसा प्रतिबंध कक्ष काढलाय, आणि आजी, तुला तिथे दर बुधवारी अकरा वाजता बोलावलंय. एवढंच. पत्र पानभर होतं, वाचून झाल्या दोन ओळी. सरकारी लिहिण्यात पाणी फार असतं. समाधान, म्हणजे माझा मुलगा, चाकणहून पहिली शिफ्ट करून आला होता. तो पंख्याकडे बघत म्हणाला, जा आई, बरं होईल.

अखेर शहराला माझी आठवण झाली. भांडणं मिटवायला माणूस हवा असेल तर चाळीस वर्षं एकाच गल्लीत काढलेल्या बाईला बोलावणार नाहीत तर कोणाला?

ठराव: मोठेपण डोक्यात जाऊ द्यायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

आमचं सोडून गल्लीत चौदा घरं. तेरा घरांत जाऊन सांगितलं. चौदावं सावित्रीचं. तिला ऐकू जाईल असं तेराव्या घरात सांगितलं.

सावित्रीबद्दल एकदाच लिहून टाक, म्हणजे रोज लिहायला नको. शेजारीण. मूळची श्रीवर्धनकडची. आमचे हे आणि तिचे ते एकाच कंपनीत होते, एकाच बसने जायचे. आता दोघेही नाहीत. आमची गच्ची एक, भिंत एक. गेली आठ वर्षं बोलणं नाही. कारण काय, तर तिचं म्हणणं की तिने जवळ्याची, म्हणजे सुक्या बारीक कोलंबीची, चटणी भरून दिलेली वाटी मी परत केली नाही. नळावर सगळ्यांच्या देखत म्हणाली. मीही सगळ्यांच्या देखत सांगितलं, माझ्या घरात कोणाची वाटी नाही.

माझ्या घरात एक वाटी आहे, तिच्यात मीठ असतं. तिच्यावर काहीतरी कोरलंय. भांड्याचा दुकानदार काहीबाही कोरतोच. काय कोरलंय ते मला कसं कळणार? मला वाचता येत नाही.

आम्रपाली लिहिताना हसते. हसू नये. अक्षर हलतं.

जानेवारीत बत्त्याचं जे झालं तेही लिही. मी गच्चीवर मिरच्या कुटत होते. सावित्री टाकीपाशी उभी राहून कोणाला तरी वाटीचं सांगत होती. बत्ता माझ्या हातून सुटला. सुटून तिच्या टाकीच्या झाकणावर गेला. झाकण फुटलं. जड वस्तू सुटली की लांब जाते. मी फेकला असता तर नेम लागला असता.

तेव्हा समाधानला हाफ डे टाकून चौकीत जावं लागलं. त्या दिवशी तो म्हणाला, आई, अजून एक तक्रार आली की तुला पुनावळ्याला नीलाकडे नेऊन सोडीन. नीला माझी मुलगी. चौदावा मजला. मी म्हटलं, चेष्टा करतोस का? तो हसला नाही. त्याचा बापही चेष्टा करताना हसायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. पहिला दिवस.

निळी पैठणीछाप नेसले. दहाला पोहोचले. कुलूप अकरा वीसला उघडलं.

कक्ष म्हणजे पालिकेच्या मागच्या इमारतीतली एक खोली. आधी तिथे जन्म-मृत्यूची नोंद व्हायची. पाटी बदलली, लोकांच्या पायांची सवय बदलली नाही. तासाभरात चारजण मृत्यूचा दाखला मागायला आले. त्यांच्याबाबतीत प्रतिबंधाला जरा उशीर झाला.

एक टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर कबुतराचं चित्र. ट्यूबलाइट गेलेली. पालिका म्हणते बदलायचं काम पोलिसांचं, पोलीस म्हणतात इमारत पालिकेची. म्हणून हिंसा प्रतिबंध खिडकीच्या उजेडात चालतो.

अंजली मॅडम प्रमुख. चांगली मुलगी आहे, पण डबा आणत नाही. बिस्किटावर दिवस काढते. माझ्याबरोबर आणखी दोघांना बोलावलं होतं. ते सुधारायचे आहेत आणि मी सुधारायला, हे मला बघताक्षणी कळलं.

एक दत्तोबा. मूळ गावचा. त्याची जमीन होती तिथे आता पिंपळे सौदागरची मोठी सोसायटी आहे. हा रोज दुपारी तिथल्या पार्किंगमध्ये खाट टाकून झोपतो. वॉचमनने उठवलं तर काठी. मला म्हणाला, आवं म्हातारे, हितं माझा गोठा व्हता. म्हस जिथं बसायची तिथं आता गाडी बसती. म्या निस्ता आडवा व्हतो, भांडान कुटं करतो? मी म्हटलं, भाऊ, काठी चुकीची. तो म्हणाला, व्हय, आता लोखंडी घेतो.

दुसरा बंटी. चोवीस वर्षांचा, केस पिवळे. कोणाच्या तरी गाडीची काच फोडली म्हणून आलाय. मला आज्जे म्हणतो. म्हणाला, आज्जे, तू कशात आलीस? मी म्हटलं, नेमणुकीत. तो म्हणाला, भारीये.

मग शपथविधी. मॅडमनी कागद वाचला. मी कोणाशी भांडण करणार नाही, शिवीगाळ करणार नाही, कोणतीही वस्तू फेकणार नाही, शेजाऱ्यांशी सलोख्याने वागेन. मी अंगठा दिला. मंत्री पण अशीच शपथ घेतात. फरक एवढाच की मी पाळणार आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

सावित्रीने माझ्या दोरीवर तिची सतरंजी टाकली. मी काही बोलले नाही. शपथ. सतरंजी आपोआप खाली पडली.

८ फेब्रुवारी, शनिवार.

सतरंजी गटारात पडली असं सावित्री म्हणते. पडायची जागा मी ठरवत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

मॅडम नवीन आहेत, त्यांना अनुभव नाही. म्हणून त्या मला विचारतात आणि शिकतात. आज विचारलं, कस्तुराबाई, तुम्हाला राग कधी येतो? मी म्हटलं, मला राग येत नाही, लोक आणतात. त्यांनी लिहून घेतलं. विचारलं, राग आला की शरीरात कुठे जाणवतो? मी म्हटलं, हातात. तेही लिहून घेतलं. माझं एकेक वाक्य फाइलला जातंय.

मग श्वासाचा व्यायाम. डोळे मिटायचे, दहापर्यंत मोजायचं. दत्तोबा सातला झोपला. मी दहापर्यंत गेले, तर दहा शिव्या आठवल्या. आधी फक्त तीन होत्या.

मग नाटक. बंटी वॉचमन झाला, दत्तोबा दत्तोबाच. बंटी म्हणाला, काका, प्लीज इथे झोपू नका. दत्तोबा म्हणाला, तू कोन रं? मॅडम म्हणाल्या, काका, रागावू नका, हे खोटं आहे. तो म्हणाला, जमीन गेली ती बी खोटी का? त्यावर मॅडमनी बिस्किटं वाटली.

शेवटी आम्हाला पाट्या धरायला लावून फोटो काढला. माझ्या पाटीवर काय होतं माहीत नाही. बंटीने वाचलं आणि म्हणाला, आज्जे, तुला शोभते. मी हनुवटी वर केली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

आम्रपालीला फोटो दाखवला. पाटीवर काय आहे विचारलं. ती म्हणाली, आजी, शांततेबद्दल आहे. आणि पाणी प्यायला उठली. ग्लास तिच्या हातातच होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

कक्षाला कुलूप. शिवजयंतीची सुट्टी. मला कोणी सांगितलं नाही. दत्तोबाही पायरीवर बसलेला. म्हणाला, घरी गेलो तर सून म्हनल लवकर का आला. अकरा ते एक आम्ही पायरीवर बसून प्रतिबंध केला. दोन माणसं आली, त्यांना दाखल्याचं नवीन ऑफिस दाखवलं.

पुढच्या बुधवारी महाशिवरात्र. म्हणजे पुन्हा सुट्टी. पंधरा दिवस शहर कसं राहील, देव जाणे. देवावर माझा विश्वास नाही, पण कक्षावर त्याहून कमी होत चाललाय.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

गल्लीत काचांचा सडा. पोरं तोंडाला फडकी बांधून आली आणि कोयत्याने बारा गाड्या फोडून गेली. रिक्षा, टेम्पो, समोरच्या नर्सबाईची स्कूटी. आमच्या समाधानच्या गाडीचा आरसा. कोणाशी वैर नाही, काही नाही. फोडायच्या होत्या म्हणून फोडल्या.

पोलीस आले. कॅमेरा विचारला. कॅमेरा नाही, पण कक्षाने मागच्या महिन्यात खांबावर पाटी लावलीय की आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. पाटीला एकही ओरखडा नाही.

सावित्री दारात उभी होती. तिच्या जावयाची रिक्षा गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बोलणार होते. आठ वर्षांत पहिल्यांदा तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ती कोणाला तरी म्हणाली, ह्या गल्लीत वाटी सुद्धा सुरक्षित नाही.

मी घरात आले. दहापर्यंत मोजलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार, गच्ची.

ऊन तापलं. सावित्रीने बोंबील वाळत घातले. तिच्या भावाने गावाहून आणलेत. जवळाही आहे, वेगळ्या फडक्यावर. हा वास म्हणजे शेजारधर्माचा भंग आहे. मी तिथेच बसून राहिले, म्हणजे भंग किती होतो ते मोजता येईल. चार तास बसले. दुपारी तिने खाली जाऊन लसूण, लाल तिखट घालून जवळा परतला. वास खिडकीतून वर आला. मी डोळे मिटले होते. श्वासाचा व्यायाम. मॅडमचा व्यायाम आज पहिल्यांदा जमला.

कावळ्याने एक बोंबील नेला. दुसरा न्यायला आला तेव्हा मी काठी आपटली. सावित्री वर आली होती, तिने बघितलं.   मी कावळ्याला हाकललं, तिच्यासाठी नाही. चोरी म्हणजे चोरी.

४ मार्च, मंगळवार.

बंटीचा वाढदिवस. चौकात फ्लेक्स लागलाय. आम्रपालीने वाचून दाखवला: रहाटणीची शान, युवकांचे प्रेरणास्थान. फोटोत त्याचे केस आहेत त्याहून पिवळे. शेजारी कोणी तरी हात जोडलेले भाऊ, यंदा निवडणुकीला उभं राहायचं म्हणतात.

माझ्या हाताखाली महिनाभर होता म्हणून एवढा वर आला.

५ मार्च, बुधवार.

महत्त्वाचा दिवस.

मी मॅडमना विचारलं, आमच्या गल्लीतल्या बारा गाड्यांचं काय? मॅडम म्हणाल्या, ती गुन्ह्याची बाब, ती चौकीकडे. आपला कक्ष प्रतिबंधाचा. घडून गेलेल्याचा प्रतिबंध करता येत नाही. बारा गाड्या एका वाक्यात संपल्या.

मग मॅडम वाटीवर आल्या. त्यांना कसं कळलं? म्हणाल्या, समजा, एखाद्या बाईने शेजारणीची वस्तू ठेवून घेतली, वर्षं गेली, आता द्यायला लाज वाटते. तिला तुम्ही काय सांगाल? परीक्षाच ती. मी फार सुंदर उत्तर दिलं. म्हटलं, मॅडम, त्या बाईला सांगावं की लाज एक मिनिटाची असते, भांडण आठ वर्षांचं. वस्तू द्यावी, रिकामी देऊ नये, आणि विषय संपवावा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, कस्तुराबाई, मग? मी म्हटलं, मग काय? भेटली अशी बाई तर पाठवा माझ्याकडे.

वाटीला पाऊण तास गेला.

हल्ली पोरं वाढदिवसाचा केक कोयत्याने कापतात; बंटीला मी त्याने कशाने कापला ते विचारलं नाही. तो स्वतःहून म्हणाला, आज्जे, साध्या चाकूने. न विचारता सांगितलं तेव्हाच कळलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, शनिवारी महिला दिन. कक्षाचा कार्यक्रम आहे, मोठे साहेब येणार. तुम्हाला स्टेजवर बोलावणार आहोत. घरच्यांना आणा. आणि म्हणाल्या, तोपर्यंत कसलाही प्रकार होऊ देऊ नका हं. म्हणजे शहराची जबाबदारी तीन दिवस पूर्ण माझ्यावर.

७ मार्च, शुक्रवार.

तेरा घरांना आमंत्रण. चौदाव्या घराला आमंत्रण आधीच गेलंय म्हणे. कक्षाकडून. असेल, टाळ्या वाजवायला माणसं लागतात.

भाषण तयार. आम्रपालीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, आजी, भाषण नको करू, नुसता नमस्कार कर. आम्रपालीचा चेहरा उतरलेला होता. नंतर तिच्या बापाशी स्वयंपाकघरात कुजबुज केली. समाधान म्हणत होता, आता एका दिवसाचा प्रश्न आहे, राहू दे. माझ्या सत्काराची भेट ठरवत असतील.

ठराव: उद्या सावित्रीकडे बघून हसायचं. जिंकलेल्याने हसावं.

८ मार्च, शनिवार.

आज लिहायचं नाही.

८ मार्च, तासाभराने.

लिही. पण मी सांगते तसंच.

हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत. मागे स्टेजवर मोठा फ्लेक्स, कबुतर, आणि खाली आमचे फोटो. माझाही होता, पाटी धरलेला. समाधान हाफ डे टाकून आला होता.

आधी बंटीला बोलावलं. गळ्यात पट्टा घातला. शांतता दूत. ते हात जोडलेले भाऊ खाली बसले होते, त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

मग मॅडमनी माइकवर नाव घेतलं. सावित्रीबाईचं. म्हणाल्या, वर्षानुवर्षं शेजारचा त्रास सहन केला पण कायदा हातात घेतला नाही, संयमाचं प्रतीक. शाल दिली. मला कळेना. हिला त्रास? हिला कोणाचा त्रास?

मग माझं नाव. मी उठले, पदर सावरला. मॅडम म्हणाल्या, समुपदेशनानंतर वर्तनात उल्लेखनीय सुधारणा दाखवणाऱ्या ज्येष्ठ नागरिक. साहेबांनी हातात नारळ दिला आणि म्हणाले, आजी, आता असंच शांत राहायचं हं. लहान पोराला म्हणतात तसं.

हॉलमध्ये आमची तेरा घरं हसली. सगळ्यांना माहीत होतं. तेराच्या तेरा. मी घरोघर सांगत फिरले तेव्हापासून.

फोटोसाठी मला सावित्रीच्या शेजारी उभं केलं. तिने कॅमेऱ्याकडे बघत बघत, ओठ न हलवता म्हटलं, मिठाला आता दुसरी वाटी घ्या.

नारळ माझ्या हातून सुटला.

मागच्या फ्लेक्सला लागला. कबुतराला. फ्लेक्सची वरची दोरी तुटली आणि कबुतर साहेबांच्या डोक्यावर आलं. साहेबांना शोधायला दोन शिपाई लागले. बंटीने पट्टा घातलेला असतानाच माझा हात धरला, म्हणाला, आज्जे, हिंसा नको. त्याच्या तोंडून.

मॅडमनी रजिस्टर उघडलं, तारीख टाकली. त्यांचे डोळे पुन्हा भरले होते. फक्त ह्यावेळी मला कारण कळलं.

समाधानने घरी आल्यावर माळ्यावरून बॅग काढली.

९ मार्च, रविवार.

आम्रपालीकडून पत्र पूर्ण वाचून घेतलं. विषय: शेजाऱ्यास वारंवार त्रास देणे, वस्तू फेकणे व वाटी परत न केल्याबाबत. सत्तर वर्षांचं माझं आयुष्य एका ओळीत बसलं, आणि तेही साहेबाच्या सहीने. तो शपथविधी म्हणजे हमीपत्र होतं. पाटीवर लिहिलं होतं, मी बदलते आहे.

मी आम्रपालीला विचारलं, तू महिनाभर लिहीत होतीस आणि गप्प? ती म्हणाली, आजी, बुधवारी तू केस विंचरून, आनंदात निघायचीस. पप्पा म्हणाले, जाऊ दे, जाते तर आहे ना.

मी तोंड भिंतीकडे केलं. हे लिहू नकोस. लिहिलंस?

तरी मी म्हणते, कक्षाला माझी गरज होतीच. कोयतेवाले हाताला लागत नाहीत, नारळवाली लागते. मी नसते तर बिचाऱ्यांनी रजिस्टर कशाने भरलं असतं?

१२ मार्च, बुधवार. पुनावळे.

फोनमध्ये बोलून पाठवतेय. नीलाने बटण दाखवलंय. आम्रपाली, तू रविवारी ऐकून वहीत उतरव. फोन कुठे ठेवलास ते आधी शोध.

चौदावा मजला. हवा चांगली. भांडायला कोणी नाही.

अकरा वाजता पाय आपोआप दाराकडे गेले. बुधवार ना.

१३ मार्च, गुरुवार.

शेजारच्या दाराची बेल वाजवली. दार न उघडता बेलच्या स्पीकरमधून विचारलं, कोण? मी म्हटलं, शेजारीण. म्हणाले, काम काय? काम काही नव्हतं. शेजारणीला काम असतं का?

खाली होळी होती. सोसायटीने ठरवलेल्या वेळेत पेटली आणि ठरवलेल्या वेळेत विझवली.

१५ मार्च, शनिवार.

नीलाला म्हटलं, बोंबील आण. ती म्हणाली, आई, इथे सुक्या मासळीचा वास आला की ग्रुपवर मेसेज पडतो. कोणी भांडायला दारात येत नाही. नुसता मेसेज. त्यावर अंगठे. माझ्या अंगठ्याला निदान शाई तरी लागायची.

१६ मार्च, रविवार. दुपार.

समाधान आताच भेटून खाली गेला, गाडी काढतोय. त्याच्या हातात एक पिशवी दिलीय. ती सावित्रीच्या घरी द्यायची. तो विसरेल, तू विसरू नकोस. पिशवी डिकीत असेल. डिकी म्हणजे मागची. उघडून बघ.

आत वाटी आहे. येताना मी मीठ रिकामं करून साड्यांत गुंडाळून आणली होती. कशासाठी आणली, मला माहीत नाही. आता एक गोष्ट सांगते ती वहीत घाल, आणि मला वाचून दाखवू नकोस. माझ्या नावाचा आकार मला ओळखता येतो. पहिलं अक्षर कमरेवर हात ठेवलेलं. वाटीवरचं अक्षर तसं नाही. आठ वर्षं माहीत आहे.

द्यायचीच होती गं. पण ती चटणी भरून आली आणि रिकामी कशी द्यायची? म्हटलं, पुरणपोळी करू तेव्हा देऊ. मग तुझे आजोबा आजारी पडले. घरात गोडाधोडाचं कोणाला सुचत नव्हतं. ते गेले. मग एक दिवस नळावर तिने सगळ्यांसमोर मागितली आणि मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं. एकदा चौदा घरांसमोर नाही म्हटलेली वस्तू कोणत्या तोंडाने द्यायची? म्हणून मीठ ठेवलं. मीठ ठेवलं की वाटी रिकामी राहत नाही.

आता त्यात साखर घातलीय. काठोकाठ. सांडली तर पुन्हा भर. सावित्रीला सांग, म्हातारीने अंगठा दिला होता तो आज पाळला. माफी मागितली असं सांगू नकोस, तिला खरं वाटणार नाही. तक्रार मागे घे असंही सांगू नकोस. ती घेईल. नाही घेतली तर समाधानला मी बघून घेईन.

फक्त एवढं सांग की आमच्याकडे वाटी रिकामी परत करायची पद्धत नाही, तिच्याकडे असेल तर तिने ठरवावं. जवळ्याची चटणी कर म्हणावं. लसूण जास्त, तिखट त्याहून जास्त, खोबरं घालायचं नाही, तिला माहीत आहे. जवळा गच्चीवरच्या ह्याच वर्षीचा घे, कावळ्यापासून मी राखलेला. वाटीवर झाकण घट्ट बसव, वरून फडकं बांध, आणि पुढच्या रविवारी समाधानबरोबर पाठव. लिफ्टमध्ये उघडू नका. भाकरी दोन पाठव, ज्वारीच्या. नीलाकडे चपात्याच असतात.